सारख्या दिसणाऱ्या फुलांचा इन्साफ

'भेद' हा शब्द आपल्या भाषेत बदनाम झालेला आहे. भेदभाव, भेदनीती, मनभेद... कुठल्याही जोडशब्दात तो भल्याच्या बाजूने उभा राहत नाही. सभेत कुणी 'आपण सगळे सारखे' म्हणाले की टाळ्या पडतात. 'आपण वेगवेगळे आहोत' म्हणाले की लोक अस्वस्थ होऊन एकमेकांकडे पाहू लागतात. आम्हीही याच संस्कारात वाढलो. फरक विसरणे हे नेकीचे काम आणि फरक दाखवणे हा गुन्हा, असा सरळ हिशेब आमच्या मनात होता. त्यामुळे फरक ओळखणे ही गोष्ट मुळात बरी की वाईट, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलाच नाही. तो विचारायला लावला काही फुलांनी. बर्फाच्या काठावर, उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर आणि उंच पर्वतांच्या माथ्यावर उगवणारी ही फुले आमच्या जगण्यापासून इतकी दूर आहेत की त्यांच्याशी आपला काय संबंध, असे कुणीही म्हणावे. पण संबंध आहे, आणि तो आपल्या फोडणीच्या डब्यातून जातो.

आमच्या घरी दादी ताटात मोहरी घेऊन निवडायला बसायची. आम्ही तिला राई म्हणायचो, शेजारचे मोहरी म्हणायचे. दाणा एकच होता. दादी बोटाने एकेक दाणा बाजूला सारत जायची आणि खडा, काडी, परका दाणा वेगळा काढायची. लहानपणी आम्हाला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि अंगावर सूज येणाऱ्या रोगाची साथ पसरली. साठाहून अधिक माणसे दगावली. पिवळ्या धोत्र्याचे बी दिसायला मोहरीसारखेच बारीक आणि काळपट असते. पण ते वेगळ्या कुळाचे, आणि विषारी. त्या बातम्या वाचताना दादीचे ताट आठवले. निवडणे म्हणजे वेळ घालवणे नसते, एवढे तेव्हा कळले.

या मोहरीचे कुळ फार मोठे आहे. मुळा, कोबी, फ्लॉवर, सलगम, अळीव हे सगळे तिचेच भाऊबंद. जगभरात या कुळाच्या चार हजारांच्या आसपास जाती आहेत. कुळाची ओळख मात्र सोपी. फुलाला चार पाकळ्या, फुलीच्या आकारात मांडलेल्या. आत सहा पुंकेसर, चार लांब आणि दोन आखूड. फुलानंतर शेंग धरते आणि तिच्या मधोमध पातळ पापुद्र्यासारखा पडदा असतो. शेंग तडकून दोन्ही फाका गळून पडल्या तरी हा पडदा देठावर राहतो. दारातल्या मुळ्याला फूल आले की यातले बरेचसे कुणीही पडताळून पाहू शकतो. हीच चार पाकळ्यांची मांडणी, हेच सहा पुंकेसर ग्रीनलंडमध्ये, अलास्कात, नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर आणि आल्प्स, हिमालयाच्या माथ्यांवर दिसतात. कुळ ओळखण्यात कुणाचीही चूक होत नाही. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते.

या थंड प्रदेशांत मोहरीच्या कुळातली सर्वांत मोठी प्रजाती म्हणजे ड्राबा. लिनियसने १७५३ साली हे नाव आपल्या ग्रंथात नोंदवले. आज तिच्या साडेतीनशेहून अधिक जाती मानल्या जातात. बहुतेक सगळ्या बुटक्या. जमिनीला चिकटलेला पानांचा झुबका, त्यातून वर आलेला बोटभर, कधी नखभर देठ आणि त्यावर पांढऱ्या किंवा पिवळ्या फुलांचा लहानसा घोस. एकट्या स्वालबार्डमध्ये त्यांच्या डझनाच्या आसपास जाती आहेत आणि कित्येकदा त्या एकाच उतारावर शेजारी शेजारी उगवतात. नवख्या माणसाला त्या सगळ्या एकच वाटतात. आम्हालाही वाटल्या.

आम्ही त्या प्रदेशात गेलेलो नाही. आमची ओळख पुस्तकांतली आणि छायाचित्रांतली. एका सुट्टीत आम्ही डझनभर छायाचित्रे टेबलावर मांडली, नावे झाकली आणि वेगळी करायला बसलो. पहिली वाटणी रंगावरून केली : पांढरे इकडे, पिवळे तिकडे. मोठ्या आत्मविश्वासाने केली आणि तिथेच चुकलो. काही छायाचित्रे वाळवलेल्या नमुन्यांची होती आणि ड्राबाच्या पिवळ्या पाकळ्या वाळल्यावर इतक्या फिकट होतात की पांढऱ्याच भासतात. मग उंचीवरून वाटणी केली. तीही फसली, कारण आडोशाला, ओल्या जागी तीच जात उंच होते आणि उघड्या वाऱ्यावर बुटकी राहते. थोडक्यात, ज्या खुणा दुरून दिसतात आणि आधी डोळ्यांत भरतात, त्याच सर्वांत जास्त दगा देतात.

जाणकार मग काय पाहतात? ते गुडघे टेकून बसतात, दहा पट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याशी धरतात आणि पानावरची लव पाहतात. ड्राबाची खरी ओळख या लवेत आहे. काही केस साधे, पापणीच्या केसासारखे सरळ. काही टोकाला दुभंगलेले. काही ताऱ्यासारखे, एका बिंदूतून अनेक किरण फुटलेले. 'ड्राबा निवालिस' या जातीच्या पानांवर असे बारीक तारे इतके दाट असतात की पान करड्या मखमलीसारखे दिसते. 'ड्राबा फ्लाडनिट्सेन्सिस' हिच्या पानाचा पृष्ठभाग बहुतेक उघडा, केस मुख्यतः कडेला आणि तेही साधे. 'ड्राबा सबकॅपिटाटा' म्हणजे टाचण्या खोचायच्या उशीसारखा लहानसा गच्च गोळा. पानांवर राठ, साधे केस. तिघींचीही फुले पांढरी. चार पावलांवरून पाहाल तर तिघी एक. भिंगातून पाहाल तर तिघी तीन.

एवढ्यानेही काम भागत नाही. देठावर लव आहे की तो गुळगुळीत आहे, शेंग केसाळ आहे की नितळ, तिच्या टोकाची अणी किती लांब आहे, हेही पाहावे लागते. यात एक पेच आहे. फूल असते तेव्हा शेंग तयार झालेली नसते, आणि शेंग भरते तेव्हा फूल गळून गेलेले असते. ध्रुवाजवळचा उन्हाळा अवघ्या काही आठवड्यांचा. ज्याला खात्रीने नाव सांगायचे आहे त्याला त्याच उतारावर पुन्हा जावे लागते, नाहीतर फूल आणि शेंग दोन्ही अंगावर असलेले झाड शोधत हिंडावे लागते. ज्याला सवड नाही त्याने नाव सांगू नये. अशा वेळी जाणकार आपल्या चिठ्ठीवर फक्त 'ड्राबा' एवढेच लिहितो आणि पुढची जागा मोकळी सोडतो. त्या मोकळ्या जागेबद्दल आम्हाला फार आदर वाटू लागला आहे. ज्याला पुष्कळ कळते, त्यालाच ती सोडण्याचे धैर्य होते.

एका खुणेवर फैसला होणे म्हणजे काय, हे ज्याने मोठ्या शहरात भाड्याचे घर शोधले आहे त्याला वेगळे सांगायला नको. फोनवर सगळे ठरते. मग नाव विचारले जाते, आणि दोन क्षणांच्या शांततेनंतर 'जागा कालच गेली' असे उत्तर येते. आमच्याही वाट्याला हे आले आहे. तेव्हा आम्हाला वाटले की माणसे फरक करतात म्हणून हा अन्याय होतो. आज आम्हाला तसे वाटत नाही. त्या घरमालकाने फरक केला कुठे? त्याने तर फरक करायचे नाकारले. आमचे काम, आमच्या सवयी, आमचा शेजार, यातले काहीही त्याने पाहिले नाही. एका नावाच्या टोपलीत हजारो माणसे एकदम ओतून तो मोकळा झाला. आणि खरे सांगायचे तर आम्हीही हेच करत आलो आहोत. अमुक गावचे लोक असे, तमुक बोली बोलणारे तसे, अमक्या मोहल्ल्यातली सोयरीक नको. आपल्याच माणसांत कितीदा आपण रंगावरून वाटणी केली आणि तिला अनुभव म्हटले!

मराठीतल्या वनस्पतिशास्त्राने या वाटणीसाठी नेमका 'जाती' हा शब्द उचलला आहे. समाजात हा शब्द आला की त्यामागून वरचा आणि खालचा येतो. वनस्पतिशास्त्रात तो येत नाही. निवालिस ही फ्लाडनिट्सेन्सिसपेक्षा उच्च नाही. करडी मखमल अंगावर असणे हा मान नाही आणि नसणे हा कमीपणा नाही. वेगळेपणाची इतकी बारीक नोंद करूनही उतरंड न लावणारी ही एक विद्या आहे. 'भेद' आणि 'भेदभाव' या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते आम्हाला इथे प्रथम नीट दिसले.

पण मग फरक शोधत किती खोल जायचे? याला काही अंत आहे का? हा प्रश्न खुद्द ड्राबाच्याच निमित्ताने एकोणिसाव्या शतकात गाजला. फ्रान्समधल्या लिओं शहरात अॅलेक्सिस जॉर्डन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. युरोपच्या सपाट प्रदेशात वसंताच्या सुरुवातीला एक इवलासा पांढरा ड्राबा जागोजागी उगवतो, 'ड्राबा वेर्ना'. सगळे जण त्याला एक जात मानत. जॉर्डनने ठिकठिकाणचे बी आणून बागेत पेरले, पिढ्यानपिढ्या वाढवले आणि पाहिले की प्रत्येक ठिकाणची रोपे आपली बारीक वैशिष्ट्ये सोडत नाहीत. त्याने त्या एका जातीच्या सुमारे २०० जाती केल्या. बहुतेक शास्त्रज्ञांनी त्याला अतिरेकी ठरवले. दोनशे नावे कोण लक्षात ठेवणार? पुढच्या लोकांनी ती सगळी पुन्हा एका नावाखाली गोळा केली. मात्र १९४० साली डेन्मार्कच्या विंगे यांनी याच फुलांच्या पेशी तपासल्या, तेव्हा वेगवेगळ्या रोपांत गुणसूत्रांची संख्याच वेगवेगळी असल्याचे दिसले. जॉर्डनची नावे लोकांना पेलली नाहीत, पण त्याची नजर खोटी नव्हती.

त्यानंतरची गोष्ट अधिक चकित करणारी आहे. २००६ साली नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर सांगितलेल्या तीनच जाती त्यांनी घेतल्या : निवालिस, फ्लाडनिट्सेन्सिस आणि सबकॅपिटाटा. अलास्का, ग्रीनलंड, स्वालबार्ड आणि नॉर्वे इथून झाडे आणून वाढवली आणि एकाच जातीतल्या झाडांचा आपसात संकर केला. मूळ झाडांपैकी ९९ टक्के पूर्ण फलनक्षम होती. एकाच वस्तीतल्या झाडांपासून झालेल्या संकरित संततीत हे प्रमाण ६३ टक्क्यांवर आले. आणि निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांची सोयरीक केली तेव्हा जी संतती झाली, तिच्यात फलनक्षम निघाली फक्त ८ टक्के. म्हणजे भिंगाखालीसुद्धा एकसारखी दिसणारी, एकच नाव धारण करणारी ही झाडे एकमेकांना परकी होऊन गेली होती. एका नावाच्या आत कितीतरी अदृश्य जाती दडलेल्या होत्या, आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजाने त्या हिमयुगांच्या काळातच, म्हणजे सृष्टीच्या हिशेबाने अगदी अलीकडे, घडल्या होत्या.

असे का व्हावे? या फुलांच्या देशात कीटक थोडे आणि उन्हाळा आखूड. परागासाठी दुसऱ्याची वाट पाहण्यात ऋतू निघून जाईल, म्हणून ही झाडे बहुधा स्वतःच्याच परागावर बी धरतात. पिढ्यानपिढ्या असे चालले की प्रत्येक वस्ती आतून आपापल्या वाटेने जाते. बाहेरून मात्र सगळ्यांना एकाच थंडीने, एकाच वाऱ्याने घडवलेले असते, म्हणून अंगकाठी तीच राहते. सारखेपणा हा कित्येकदा एकाच परिस्थितीचा ठसा असतो. तो नात्याचा पुरावा असतोच असे नाही.

उलट बाजूही याच कुळात आहे. 'ड्राबा लाक्टेआ' नावाची जी पांढऱ्या फुलांची जात आहे, तिच्या पेशीत ४८ गुणसूत्रे आढळतात. निवालिस आणि फ्लाडनिट्सेन्सिस यांच्या पेशीत १६. वेगवेगळ्या वंशांचे संच एकत्र येऊन अशी जात घडते. १९९२ साली उत्तर युरोपातल्या ड्राबांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तर अशा मिश्र जाती एकदाच नव्हे, अनेकदा, स्वतंत्रपणे जन्मल्याचे दिसून आले. एकीकडे एकसारखे दिसणारे परके झालेले, दुसरीकडे परके एकत्र येऊन नवे घर वसवलेले. ज्यांना सृष्टीत शुद्ध वंशाचा दाखला हवा आहे त्यांनी या फुलांकडे येऊ नये. आणि 'फरक वगैरे काही नसतोच' असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांच्याही हाती इथे काही लागणार नाही.

हे सारे पंडितांच्या दिवाणखान्यातले आहे, याने कुणाचे काय अडते, असे वाचक म्हणतील. म्हणून कॅनडातले एक उदाहरण सांगतो. न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तरेला चुनखडीची उघडी, वाऱ्याने झोडपलेली माळरानं आहेत. तिथे मोहरीच्या कुळातल्या 'ब्राया' या दुसऱ्या प्रजातीच्या दोन बुटक्या जाती आहेत. 'ब्राया लोंगी' आणि 'ब्राया फर्नाल्डी'. जगात त्या दुसरीकडे कुठेही नाहीत. पहिलीला १९२६ साली नाव मिळाले, दुसरी वेगळी आहे हे १९४८ साली नोंदले गेले. दोघींची फुले पांढरी, दोघींचे झुबके सारखे. लोंगीच्या पाकळ्या मोठ्या आणि शेंग नितळ. फर्नाल्डीची शेंग केसाळ. फरक इतकाच, जो शेंग हातात घेतल्याशिवाय खात्रीने कळत नाही. या माळरानांवरून रस्ते गेले, खडीसाठी जमीन खणली गेली आणि दोन्ही जाती धोक्यात आल्या. आता त्यांचे बी जपणाऱ्याने, रोपे वाढवून पुन्हा माळावर लावणाऱ्याने लोंगीच्या जागी फर्नाल्डी लावली तर? गणतीत दोघी एकत्र मोजल्या तर? आकडा भरलेला दिसेल आणि त्या आकड्याच्या आड एक जात गुपचूप संपून जाईल. जिचे वेगळे असणे कुणी नोंदवले नाही, तिचे नसणेही कुणी नोंदवणार नाही.

तिथे त्या ब्रायांना आणखी एक शत्रू आहे. आपल्या शेतकऱ्यांना तो चांगला माहीत आहे : कोबीवर पडणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. दक्षिणेकडून वाऱ्यावर वाहत तो त्या माळांवर पोहोचतो आणि त्याच्या अळ्या झाडे खातात. मोहरीच्या कुळात जे तिखट, झणझणीत द्रव्य असते त्याच्या खुणेवर हा पतंग अंडी घालतो. कोबी असो, मोहरी असो, की जगात फक्त एका बेटावर उरलेली ब्राया असो. त्याला कुळाची खूण पुरते. त्याच्यापुरते सगळे सारखेच. याचा विचार करताना आम्हाला 'सगळे सारखे' या वाक्याची दुसरी बाजू दिसली. ज्याला केवळ आपले पोट भरायचे आहे, त्यालाही फरकाची गरज नसते. मतांची बेरीज करणाऱ्याला नसते, दंग्यात घर जाळणाऱ्याला नसते. फरकाची गरज त्याला असते, ज्याला समोरच्याची काळजी आहे. जुळ्या लेकरांना शेजारी ओळखू शकत नाहीत. आई पाठमोरे पाहून ओळखते.

ओळखण्याच्या या कामात आणखी एक गोष्ट आहे, तिला आम्ही अमानत म्हणू. युरोपातल्या पर्वतशिखरांवर कोणती झाडे आहेत याच्या याद्या एकोणिसाव्या शतकापासून लोक करत आले. २०१८ साली अशा ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या याद्या एकत्र करून, १४५ वर्षांचा हिशेब मांडून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००७ ते २०१६ या दहा वर्षांत शिखरांवर ज्या वेगाने नव्या जाती चढल्या तो १९५७ ते १९६६ या दशकाच्या पाच पट होता, असे त्यात दिसले. जग तापत असल्याची ही साक्ष. आता विचार करा, ही साक्ष कशावर उभी आहे? शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी धापा टाकत शिखरावर चढला, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी पान उलटून पाहिले आणि वहीत एक नाव लिहिले. तिथे पाहणारा कुणी नव्हता. कंटाळून त्याने एका ड्राबाच्या जागी दुसरा लिहिला असता तर त्याला कुणी जाब विचारला नसता. पण आज आपण जी झाड गेली म्हणून दुःख केले असते, ती तिथे कधी नव्हतीच असे झाले असते. ज्याला कुणी पकडू शकत नाही त्याने केलेले खरे काम, यालाच इमान म्हणतात.

आणि तरीही चुका होतातच. सगळ्यात तयारीचे डोळेही चुकतात. इराकमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत सेंट लुईसच्या वनस्पती-उद्यानात मोहरीच्या कुळावर दीर्घकाळ काम केलेले इहसान अल-शहबाज यांनी सहकाऱ्यांसह उत्तर अमेरिकेतल्या ड्राबांचा जो आढावा २०१० साली प्रसिद्ध केला, त्यात शंभराहून अधिक जाती आहेत. असे काम म्हणजे आधीच्यांनी लावलेली नावे तपासत, कित्येक बदलत जाणेच होय. ते करण्याची वनस्पती-संग्रहालयांतली रीत आम्हाला फार आवडली. वाळलेले झाड कागदावर चिकटवलेले असते आणि खाली जुन्या संग्राहकाची चिठ्ठी असते. नंतरच्या जाणकाराला नाव चुकीचे वाटले तर तो जुनी चिठ्ठी फाडत नाही, खोडत नाही. तिच्या शेजारी आपली नवी चिठ्ठी लावतो. त्यावर नवे नाव, आपली सही आणि साल. काही कागदांवर अशा तीन-तीन, चार-चार चिठ्ठ्या असतात. आधीचा चुकला, पण त्याचा अपमान नाही. नंतरच्याने दुरुस्त केले, पण त्याचाही शब्द अखेरचा नाही. आणि सगळ्यांच्या वर ते झाड तसेच असते, पुन्हा पाहायला मोकळे.

माणसांबद्दलच्या आपल्या फैसल्यांना अशी सोय आपण ठेवली आहे का? कुणाविषयी एकदा मनात चिठ्ठी लावली की तिच्यावर आपली सही नसते, साल नसते आणि दुसऱ्या चिठ्ठीला जागाही नसते. 'तो तसाच आहे', बस्स. पंधरा वर्षांपूर्वीचे एक भांडण, मयताला न येणे, लग्नातला एखादा शब्द. त्या एका खुणेवर आपण आयुष्यभराचे नाव देऊन मोकळे होतो. फूल पाहिले, शेंगेची वाट पाहिली नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. फरक ओळखणे बरे की वाईट? आम्हाला आता असे वाटते की हा निवाडा फरकावर ठरत नाही, तो ओळखण्याच्या रीतीवर ठरतो. ज्याचा फरक सांगायचा त्याच्यापर्यंत आपण चालत गेलो का, गुडघे टेकले का? दुरून दिसणाऱ्या एका खुणेवर थांबलो की दुसरी, तिसरी पाहिली? खूण त्याच्या अंगची होती की आपल्या मनातली? खात्री नव्हती तेव्हा जागा मोकळी सोडली का? नाव दिल्यावर त्याला वर-खाली बसवले का? आणि उद्या कुणी दुरुस्त केले तर शेजारी चिठ्ठी लावू दिली का? एवढे केले असेल तर फरक ओळखणे हा त्या जिवाचा हक्क अदा करणे आहे. यातले काहीच केले नसेल तर 'सगळे सारखे' म्हणणेही अन्यायच आहे, मग त्यावर कितीही टाळ्या पडोत.

दादी आता नाही. मोहरी बाजारातून निवडलेली, पाकीटबंद येते. परवा सहज एक चिमूट ताटात पसरून पाहिली. चष्मा लावला, बोटाने दाणे सारू लागलो. बराच वेळ सगळे एकसारखे दिसत होते. मग हळूहळू एक दाणा तपकिरी दिसला, एक जरा चपटा, एक फिकट. त्यातला टाकायचा कुठला आणि ठेवायचा कुठला, हे काही आम्हाला सांगता आले नाही. दादीने ते सांगितले असते. आम्ही ताट तसेच उजेडाकडे सरकवले आणि पुन्हा पाहू लागलो.